झोक्याला बांधलेला पट्टा

१२ एप्रिल, पहाटे
कर्र-कट, कर्र-कट. जाग आली तर कुठेच काही नाही. लेक चारुलता लहान असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणातल्या कडुनिंबावर झोका बांधायचो, त्याच्या कड्यांचा हा आवाज. याच तालावर पुढे नशिराबादच्या शाळेत पोरांकडून कविता म्हणून घेतल्या. चारूला पुण्याहून आखाजीला येणं बरीच वर्षं जमलं नाही. यंदा नक्की येणार. झोका आजच बांधतो.

१४ एप्रिल
कुरिअर आलं. चारूने मनगटाचा पट्टा पाठवलाय, जावई तेजसरावांच्या कंपनीचा. चार्जर नाही. अंगाची ऊब आणि हाताची हालचाल यावर स्वतःची वीज स्वतः करतो. त्यातला एआय चाल, नाडी, झोप तपासून रोज चारूला कळवतो. ती म्हणाली, नाना, आता काळजी मिटली. माझी म्हणायचं असेल तिला.
संकल्प : रोज पाचला मेहरूण तलाव, चालताना कविता तालात.

१५ एप्रिल
सातला उठलो. ऊन. उद्यापासून.

१७ एप्रिल
पट्टा सारखा बंद पडतो. तेजसराव फोनवर म्हणाले, अंग गरम आणि हवा थंड असली की वीज होते. म्हटलं, जळगावात त्रेचाळीस डिग्री आहे, अंगच थंड म्हणायचं. तर म्हणे, मग चालत जा ना, नाना.
यांना चालायला काय जातं, पुण्यात.

१९ एप्रिल
उपाय सापडला. पट्टा झोक्याच्या दोराला बांधला. शेजारच्या झुलालच्या नाती दिवसभर झोके घेतात. झुलालशी मी बोलत नाही. कडुनिंबाचा पाला त्याच्या अंगणात पडतो म्हणून त्याने चार लोकांत मला पालामास्तर म्हटलं होतं. नाती गुणी आहेत.
संध्याकाळी पट्टा माझ्या हातात. नाडी माझीच.
यात फसवणूक नाही. झाड माझं, झोका माझा, हालचालही माझीच धरायला हरकत नाही.

२३ एप्रिल
रिपोर्ट : भरपूर चाल, शरीराचं वय अठ्ठेचाळीस. या यंत्राला लय कळते, मी पहिल्यापासून म्हणतोय. किराणा दुकानात चंपालाल शेठला ऐकवलं. म्हणाला, मास्तर, मग स्थळं बघायची का? मत्सर.

२६ एप्रिल
चारूचा फोन. किती खूश होती. म्हणाली, नाना, तुम्ही तर आमच्यापेक्षा फिट. ऑफिसात फार काम आहे, या आखाजीला नाही आले तर चालेल ना? म्हटलं, चालेल की. अगदी सहज म्हटलं.
नंतर चहा करायला गेलो तर दूध आणायचंच राहिलं होतं.

२९ एप्रिल, संध्याकाळ
नवी योजना. पट्टा गव्हाच्या कोठीत, खोल. ना चाल, ना नाडी. फोन उचलायचा नाही. चारू घाबरेल, पण आपल्या माणसासाठी थोडं घाबरावं माणसाने. उद्या दुपारपर्यंत इथे असेल.

३० एप्रिल, आखाजी, सकाळ
फोन सारखा वाजतोय. चारूच. मन घट्ट केलंय.
तिची खोली झाडली. कैऱ्या आणल्या. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. झोक्याच्या कड्यांना तेल मुद्दाम घातलं नाही. आवाज तिच्या ओळखीचा आहे.

दुपार
दाराची कडी वाजली. आलेच, आलेच म्हणत धावलो.
दारात झुलाल. या उन्हात अनवाणी, धापा टाकतोय. मला खालून वर बघून म्हणाला, मास्तर, जित्ता शेतस ना? चारूना फोन उना व्हता, जाईसन दखा म्हने. म्हणजे चारूनेच त्याला मला बघायला पिटाळलं होतं.
माझ्यासमोरच त्याने तिला फोन लावला. मास्तर धडधाकट उभा शे, दाढी बी करेल शे, असं ओरडून सांगितलं. ती तिकीट काढत होती म्हणे. थांबली.
झुलाल आता झोक्यावर बसून घाम पुसतोय. पाणी मागतोय. पाच मिनिटं उशिरा आला असता तर काय बिघडत होतं त्याचं?