शिक्षण पूर्ण

ता. ११ जून

दादा,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं, पण आज डोकं ठिकाणावर नाही, म्हणून नुसतं दादा. वहिनीला नमस्कार सांग. आईचं कंबरेचं दुखणं कसं आहे? तुझं चष्म्याचं दुकान बरं चाललं असेलच. इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

आमच्या अहवालाचं तुला मागे सांगितलं होतं. आपला देश आणि पलीकडचा देश, दोघांची लोकसंख्या शतकाच्या शेवटी कशी असेल, किती लोक किती शिकलेले असतील, याची तुलना. दोन मनोरे शेजारी शेजारी काढायचे. तळाला लहान मुलं, टोकाला म्हातारी माणसं, शिक्षणाप्रमाणे वेगवेगळे रंग. यातला मुख्य नियम असा, की तिशीच्या आत माणूस जेवढं शिकला तेवढाच त्याचा रंग. पुढे तो मरेपर्यंत तोच रंग घेऊन मनोऱ्यात वर सरकत राहतो. आपल्याकडे शाळा मध्येच सुटलेल्या मुलींचा पट्टा इतका जाड आहे, की शतक संपत आलं तरी तो टोकाशी आजी होऊन बसलेला दिसतो. पलीकडे तो केव्हाच पुसला जातो.

साहेबांनी चित्र पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“फरक फारच दिसतोय हो. हा ‘अर्धवट’ रकाना ‘पूर्ण’मध्ये मिळवून टाका.”

“साहेब, त्यांची शाळा पूर्ण झालेली नाही.”

“शाळेत गेल्या होत्या ना? मग झालं की!”

“अर्धा शिवलेला शर्ट घालून तुम्ही ऑफिसला याल का?”

टेबलाभोवतीचे सगळे खाली बघून हसले. साहेब हसले नाहीत. आठवड्याभरात अहवाल ‘अर्धवट’ रकान्याशिवाय छापून आला, आणि पलीकडच्या देशातल्या ज्या बाई माझ्याबरोबर हे काम करत होत्या, त्यांचा फोन आला. “अभिनंदन! तुमच्या लाखो मुली एका आठवड्यात शिकल्या कशा, ती युक्ती आम्हालाही सांगा.” मला फोन ठेवावा की जमिनीत गडप व्हावं, कळेना. चाळीस पानांच्या तळटीपा तपासणारी मी, आणि मला एक शब्द वाचवता आला नाही!

आणखी एक लिहायचं टाळत होते, पण तुला कुणाकडून तरी कळेलच. मला त्या विभागातून काढलंय. आता मी पावसाच्या नोंदी जुळवते. पाऊस निदान उलट बोलत नाही, असं साहेब म्हणाले.

या सगळ्या संतापात घरी आले तर तुझं पत्र. तू किती सहज लिहिलंस! “भिंगरीचं शिक्षण पूर्ण झालं. आता घरीच असते, आईचं सगळं बघते. तुला ऐकून बरं वाटेल.”

दादा, पूर्ण? तिची शाळेची दोन वर्षं शिल्लक आहेत! तू दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासतोस, आणि पोटच्या पोरीचं तुला दिसत नाही? तुझ्या थोरल्या मुलाला कुणी म्हटलं का, बाबा रे, व्यायामशाळा सोड आणि आजीपाशी बस? त्याचं नाव तरी निघालं का घरात?

मी आईला फोन केला. ती तर माझ्यापेक्षा भडकलेली. “मी पडले म्हणून पोरीची शाळा बंद? मला विचारलं कुणी? मला पाणी द्यायला घरात आणखी तीन माणसं हिंडतायत!” मग मागून भिंगरीचा आवाज आला, “आजी, राहू दे ना.” हे ‘राहू दे’ ती कधीपासून म्हणायला लागली? तुझ्याशी भांडभांड भांडणारी पोर!

साहेबांचा मला राग आहेच. पण साहेबांनी खोटं केलं ते अहवालाच्या कागदावर, मूळ नोंदी तरी खऱ्या राहिल्या. उद्या जनगणनेचा माणूस तुझ्या दारात येईल, मुलगी किती शिकली विचारेल, तू ‘पूर्ण’ म्हणशील आणि तो तसं लिहून घेईल. मग कुठल्याही विभागात कुणी कितीही डोकं आपटलं तरी ती अर्धवट राहिली हे कुणालाही कळणार नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आली.

तेव्हा आता ऐक. ऑफिसात माझं चाललं नाही, पण घरच्या भांडणातून मला कुणी पावसाच्या विभागात टाकू शकत नाही. शनिवारी मी येते. आईला माझ्याकडे नेते. लिफ्ट नाही, म्हणून जिना चढवायला खालच्या मजल्यावरच्या दोघांना सांगून ठेवलंय. दिवसा शेजारच्या निवृत्त नर्सबाई तिच्यापाशी बसतील, दोघींचं छान जमेल, दोघींनाही सुनावायची हौस आहे. भिंगरीच्या मुख्याध्यापिकांशी बोलले आहे, त्या तिला वर्गात परत घेतायत. तू फक्त आडवा येऊ नकोस.

आणि गणनेचा माणूस आला की तू बोलू नकोस. तिला पुढे कर. ती सांगेल, “शिकतेय.”

तुझी बहीण मी नंतर, आज आधी,
भिंगरीची आत्या