बडनेऱ्याच्या फाटकावरचा आवाज

बाबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. परवा एका लग्नात तुमचा नातू, दादाचा मुलगा, नवी गाडी घ्यायला निघालेल्या चार जणांना सांगत होता, "आमच्या आजोबांचा कान म्हणजे काय कान होता! नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार ओळखायचे. अर्धी अमरावती त्यांना विचारून गाडी घ्यायची." मी शेजारच्या पंगतीत जेवत होते. हातातला घास हातातच राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, आणि माझा राग जसाच्या तसा आहे हे मला त्या पंगतीत कळलं. घरी आले आणि लिहायला बसले.

रस्ते खात्यात ओव्हरसिअर असताना खदानींतल्या सुरुंगांनी तुमचा डावा कान पार गेला होता आणि उजवा जेमतेम उरला होता. समोरचा माणूस काय बोलतो ते तुम्ही त्याच्या ओठांवरून ओळखायचात. इंजिनाला ओठ नसतात. वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता तेव्हाची ही गोष्ट. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षं काढावी लागत, म्हणून जो तो जुनी घेई, आणि घेण्याआधी आपल्या अंगणात येई. रविवारी सकाळी, लिलावातून घेतलेल्या तुमच्या जीपशेजारी तीन-चार गाड्या लागायच्या. जिनिंगवाले शेटजी, गल्लीच्या टोकाचे डॉक्टर, शेंदूरजनाघाटचे एक संत्रावाले. मे महिन्यात इंजिनाशेजारचा पेट्रोलचा पंप तापून गाडी बंद पडली तर त्यावर ओलं फडकं टाका, टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना पाहा, पावसाळ्यात पक्का रस्ता सोडून काळ्या मातीत एक चाकही घालू नका, घाटातून सेमाडोहकडे उतरताना ब्रेकवर बसू नका, गिअरवर उतरा. सगळे एकमेकांना सांगायचे आणि शेवटी तुमच्याकडे पाहायचे. रस्ते तुम्हाला खरंच पाठ होते, ते मी नाकारत नाही. कोणता नाला किती पावसानं चढतो हे तुम्ही खाटेवर बसल्या बसल्या सांगायचात.

पण कान माझा होता. आई गेल्यापासून घर माझ्याकडे होतं, मॅट्रिक होऊन मी घरीच होते. गाडी चालवून पाहायची वेळ आली की तुम्ही म्हणायचात, "पोरगी बी येते फिराले," आणि मला मागच्या सीटवर बसवायचात. बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकापर्यंत जायचं, रुळांवरून गाडी हळू हळू आदळवत न्यायची आणि परत यायचं. मग मी चहा ठेवायला आत जाते आणि तुम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्या मागे येता. "काय ऐकलं?" मी सांगते, "मागं घुरघुर येते बाबा, गिअर बदलला तरी जात नाई." तुम्ही बाहेर जाता, मिशीवरून हात फिरवता आणि सांगता, "मागची बेअरिंग पाहून घ्या." सगळे माना डोलावतात. मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. उलट आपल्या दोघांचं गुपित आहे म्हणून मी मनातल्या मनात मिरवायची. एकदाच म्हटलं होतं, मलाही जीप शिकवा. तुम्ही हसलात. "अन् चालवून कुठं जाशीन?"

मग त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या असतील. आसपासच्या खेड्यांत बाळंतपणाला जायच्या, आणि बैलगाडी पोचेपर्यंत उशीर होतो म्हणून त्यांना गाडी हवी होती. शेटजींची काळी गाडी त्यांच्या मनात भरली होती. स्वतः चालवणार होत्या. अंगणातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण तोंडावर कोणी काही बोललं नाही. त्या चालवायला बसल्या, तुम्ही शेजारी, मी मागे. फाटकावर पुढची चाकं रुळांवरून उतरली तेव्हा डावीकडून ठक् असा आवाज आला. परतीच्या वळणावर पुन्हा आला. लोखंडावर लोखंड सैल आदळतं तसा. मी असे आवाज इतके ऐकले होते की चुकायचा प्रश्नच नव्हता.

"बाबा, पुढच्या डाव्या चाकापाशी ठकठक येते," मी चुलीपाशी सांगितलं. "स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा ढिला हाये."

"मले काई ऐकू नाई आलं."

मला वाटलं तुम्ही गंमत करताय. मी हसलेसुद्धा. "तुमाले कसं येईन?"

"शेटजीले ते गाडी मीच घेऊन देली होती," तुम्ही म्हणालात. "दोन वर्सं झाले. आता मीच म्हणू का सांधा ढिला हाये म्हणून? चार मानसात?"

"पण बाबा, त्या बाई एकट्या खेड्यापाड्यात जातीन."

"तू चहा पाय."

आणि बाहेर जाऊन तुम्ही म्हणालात, "बिनधोक घ्या बाई. शेटजीनं लई जपली हाये गाडी."

तिसऱ्या आठवड्यात ती गाडी अकोल्यापलीकडच्या एका नाल्यात गेली. बाई बाळंतपणालाच निघाल्या होत्या. स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं, चाकं वळलीच नाहीत. जीव वाचला, उजव्या मनगटाचा चुरा झाला. आपण दोघं बडनेऱ्याहून रेल्वेनं गेलो. दवाखान्यात त्या शुद्धीत होत्या, पण बोलायच्या अवस्थेत नव्हत्या. मग तुम्ही गाडी पाहायला गॅरेजात गेलात. मी सोबत होते, बाबा. मिस्त्रीनं निखळलेला सांधा काढून तुमच्या हातावर ठेवला. "साहेब, हा लई दिवसापासून घासून राहिला असन." तुम्ही तो उलटसुलट करून पाहिला, त्याला परत दिला आणि हात पुसले. मला वाटलं, रविवारी अंगणात खरं काय ते सांगाल.

रविवारी शेटजी म्हणाले, "मी पयलेच म्हनत होतो, हे बाईमानसाचं काम नोहे." डॉक्टर म्हणाले, हात घाबरला असेल. संत्रावाले म्हणाले, बाईच्या हाती गाडी द्यायचीच नसते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुमच्या तळव्याला त्या सांध्याचं काळं ग्रीस लागलं होतं, ते मी गॅरेजात पाहिलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, "तेच म्हनतो मी."

बाबा, खोट्या सल्ल्याबद्दल मी तुम्हाला कदाचित माफ केलं असतं. मैत्रीत, भिडेत माणूस चुकतो. पण जिचं मनगट मोडलं तिलाच दोषी ठरवताना तुमची जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून 'बाईच्या हाती गाडी देऊ नका' हाही आपल्या अंगणातला एक सल्ला झाला. ओल्या फडक्यासारखा, टायरच्या हवेसारखा. गावोगाव गेला. कितीतरी बापांनी तो आपापल्या मुलींना ऐकवला असेल, आणि वर सांगितलं असेल की हे त्या ओव्हरसिअरसाहेबांचं म्हणणं आहे.

पुढच्या वेळी डॉक्टर एक गाडी घेऊन आले. आपण फाटकापर्यंत जाऊन आलो. तुम्ही आत आलात. "काय ऐकलं?"

"मले काई ऐकू नाई आलं," मी म्हणाले.

तुम्ही पाणी पिऊन बाहेर गेलात. पुन्हा विचारलं नाहीत. महिन्याभरात तुम्ही लोकांना सांगायला लागलात की आता वय झालं, दुसऱ्या कोणाला विचारा. लोक म्हणाले, किती साधा माणूस, मोठेपणाचा हव्यास नाही. त्याचाही मला राग आला होता.

मी गाडी चालवायला शिकले ती चाळिशीत, फी भरून, परक्या माणसाकडून. पहिल्या दिवशी शिकवणारा म्हणाला, "ताई, तुमचा कान चांगला आहे." मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि रडले. तो बिचारा घाबरला.

इतकं सगळं तुमच्या नावावर लिहिलं. पण एक गोष्ट मी दादालाही कधी सांगितली नाही. त्या सकाळी निघताना डॉक्टरीणबाईंनी कपबशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तू मागे बसली होतीस ना गं? तुला कशी वाटली गाडी?" कोणीतरी पहिल्यांदाच मला विचारलं होतं. तुम्ही चार पावलांवर होतात. मी म्हणाले, "चांगली आहे."

लग्नानंतर एकदा मी अकोल्याला त्यांच्या दवाखान्यात गेले होते. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. बाकावर दोन तास बसले. आत गेले तेव्हा त्या डाव्या हातानं लिहीत होत्या, उजवा टेबलावर नुसता ठेवलेला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. "काय होतंय?" त्यांनी विचारलं.

खोकला येतो, असं मी सांगितलं. त्यांनी बाटली भरून औषध दिलं. मी ते घरी आणून दिवसातून तीनदा, संपेपर्यंत घेतलं.