चौकशीच्या खिडकीतलं ‘बघू’

ती. ताईंस,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादांचा खोकला थांबला असेल, किंवा खोकला आहे हे मान्य करणं तरी त्यांनी थांबवलं असेल. मी ठीक आहे. (हल्ली सगळ्यांना हेच उत्तर देतो. म्हणजे पुढचा प्रश्न टळतो.)

तुमच्या धाकट्या बहिणीचं लाकडी स्टूल आणायला परवा तिच्या कॉलेजात गेलो. ती गेल्यापासून तिकडे पाऊल टाकवलं नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या उंच खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून ते मी घरीच ठोकून दिलं होतं. एक पाय आखूड झाला. त्याखाली ती पुठ्ठ्याची घडी घालायची, आणि स्टूल कसं झालंय विचारलं की म्हणायची, “घडी छान बसलीय.”

“स्टूल कुठे असेल?” एवढाच माझा प्रश्न. रखवालदार म्हणाला, “आत.” हे काही खोटं नव्हतं. हेडक्लार्कनी उलट मलाच विचारलं, “तुम्हाला कोणी पाठवलं?” एका प्राध्यापकांनी तीन शक्यता सांगायला घेतल्या, पण दुसरीपाशीच घंटा झाली. प्राचार्य “अवश्य, अवश्य” म्हणाले. प्रश्न त्यांना ऐकू आला नसावा, पण माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

शेवटी खिडकीशी गेलो. नवीन मुलगी म्हणाली, “बाईंचं स्टूल? बघू.” मी निमूट वळलो. (कचेरीतलं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे या वयात मला कोणी शिकवायला नको.)

“अहो काका, निघालात कुठे? बघू म्हटलं ना.” ती खरोखर उठली होती. “बाईंचा नियम आहे. बघू म्हटलं की खुर्ची सोडायची. पहिल्याच दिवशी दम दिला होता मला.”

कपाटामागे, जिन्याखाली, सगळीकडे शोधून ती केसांत जळमटं घेऊन परत आली. “नाही हो काका,” म्हणत खुर्चीवर चढली आणि सवयीने पाय स्टुलावर ठेवले. घडीसुद्धा तीच होती.

“हेच ते,” मी म्हणालो.

“अगंबाई, हे होय? मला वाटलं ऑफिसचं. डुगडुगतं हो जरा. कोणी केलंय?”

तिचेही पाय जमिनीला टेकत नव्हते. मी म्हणालो, “ऑफिसचंच असेल. राहू दे.”

येताना हात रिकामे होते, पण बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तुमच्या धाकटीचे,
‘अहो’

ता. क. तुम्ही फोनवर विचारलं होतं, “भावोजी, आमच्याकडे राहायला येता का?” मी ‘बघू’ म्हणालो, आणि तुम्ही विषय बदललात. तुम्हालाही कचेऱ्यांचा अनुभव आहेच.

दुसरा ता. क. आज उठून बघितलं. बॅग माळ्यावर होती, चेन अजून धड आहे. खालची खोली रिकामी असेल तर कळवा. जिन्याला कठडाही करून देईन. (दादांना हे आत्ताच सांगू नका, ते हातोडी लपवतील.) येतो.

हे निरोपाचं ‘येतो’ नव्हे. खरंच येतो.