लोणारच्या सहलीचा खुलासा

मेहकर, ता. २३ नोव्हेंबर १९३६, सोमवार

तीर्थस्वरूप किसनदादा यांस उकंडरावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल रविवारी पहाटे सहाला इथून मोटार निघाली. आठला लोणार. गोमुखाच्या धारेवर स्नान, पडकी देवळं, जेवण, पुन्हा पडकी देवळं आणि दिवेलागणीला घरी. एकूण माणसं एकोणीस. दिवाळीत प्रेमलाला न्यायला आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून म्हणाला होतात, "उकंडराव, पयले तुम्ही मानसात या, मंग पोरीले न्या." त्याप्रमाणे एकोणीस माणसांत जाऊन आलो, हे कळवावं म्हणून पत्र. तुमची आणि मनकर्णावहिनींची प्रकृती ठीक असेलच. चि. प्रेमलाचा खोकला गेला का? इकडचं क्षेम एकाच माणसाचं असल्यामुळे एका शब्दात आटोपतं. बरा आहे.

सहल नेणारे आमच्या आळीतले चिंतामण मास्तर. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना जुन्या देवळांचा नाद लागला आहे. एका खांबापाशी ते पाऊण तास उभे राहतात आणि ऐकणाऱ्यालाही उभं ठेवतात (बसलेला माणूस झोपतो, असा त्यांचा शाळेतला अनुभव). माणसं मोजायची त्यांची एक पद्धत आहे. पोरांना उभं करत तसं ते सगळ्यांना दोन-दोनच्या रांगेत उभं करतात आणि जोड्या मोजतात. सहलीला मास्तरांचं धरून नऊ जोडपी होती आणि मी. मोटारीत चढताना मास्तरांनी काठी फिरवून मोजलं, "नऊ जोड्या आणि उकंडराव." वाटेत चाक चिखलात रुतलं, सगळ्यांनी ढकललं, पुन्हा चढताना, "नऊ जोड्या आणि उकंडराव." लोणारला उतरताना तेच. त्यांच्या मनात काही नव्हतं. कचेरीत मी दिवसभर नकला उतरवतो, तिथे माझं नाव आठवड्यातून एकदाही कोणी घेत नाही. काल दुपारच्या आत तीन वेळा मोठ्याने घेतलं गेलं. पण तिसऱ्या वेळी आपण आलो नसतो तर त्यांचा हिशेब सोपा गेला असता, असं वाटल्यावाचून राहिलं नाही.

पुढचं नीट वाचा, कारण सगळा घोटाळा इथे झाला. आमच्यात जिनिंगचे मुकादम अर्जुनराव आणि त्यांच्या सोजराबाई होत्या, दोघंही पन्नाशीच्या पुढची. अर्जुनरावांना थंड पाण्याचं भय. धारेचा आवाज कानावर येताच ते मागच्या मागे गेले आणि मोटारीत घोंगडी पांघरून झोपले. इकडे मास्तरांनी रांग लावली. माझ्या शेजारी सोजराबाई न बघताच येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी मोजलं, तर नऊ जोड्या, आणि वर कोणी उरेना. त्यांचा चेहरा असा खुलला की त्यांनी एकोणिसावा शोधलाच नाही. कार्तिक असल्यामुळे धारेवर गर्दी होती. जोडप्यांनी गाठ मारून स्नान करायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. तिथले गुरुजी घाईत होते. रांग जोडीने उभी दिसली, तसे ते उपरण्यांना पदर बांधत पुढे पुढे गेले.

मी बोललो का नाही, असं तुम्ही विचाराल. (सगळ्यांनी विचारलं.) दादा, तीन वर्षांमागे कोकिळा आणि मी त्याच धारेखाली उभे होतो. खांद्यावर गाठीची ओढ बसली, ती ओळखीची वाटली. मी वळून पाहिलं नाही. सोजराबाईंनी तर डोळे मिटून गंगेचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. दोघंही धारेखालून निघालो. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि साऱ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अवो बाप्पा, हे माह्यं मानूस नोहे! आमचं बुढं कुठी गेलं?" बायका हसून हसून खाली बसल्या. मास्तरांनी मात्र, "नऊ जोड्या, चला!" म्हणून काठी पुढे केली आणि तळ्याकडे उतरायला लागले.

ओल्या सुताची गाठ. ती सुटेना. तसंच बांधलेल्या स्थितीत आम्ही दोघं ती उतरण उतरलो; त्या दगडावरून उतरल्या की मीही उतरायचं, त्या दम खायला थांबल्या की मीही थांबायचं. पहिल्या पडक्या देवळापाशी त्या एका आडव्या पडलेल्या खांबावर बसल्या, केसांतला आकडा काढला आणि गाठ उकलायला घेतली. मला हातभरापलीकडे जाता येत नव्हतं. एरवी कोणी विचारपूस करायला लागलं की मला काम आठवतं, हे तुम्ही जाणताच.

"सैपाक कोन करते?"

"मीच."

"जमते?"

"भाकरी जमते. गोल नाही जमत."

"लेकरू?"

"मुलगी आहे. सात वर्षांची. धामणगावला मामाकडे असते."

"काऊन?"

मी तुमचं म्हणणं सांगितलं, की मी कोणाशी बोलत नाही, अशा घरात पोर कोमेजेल, आधी मी माणसात यावं. यात तुमची तक्रार केली नाही. पण एक सांगितलं की बाकीचं निघतच गेलं. माघात कोकिळा तापाने गेली तेव्हापासूनचं सगळं. नऊ महिन्यांत मी मिळून इतकं बोललो नसेन. सोजराबाईंनी आकडा थांबवला आणि म्हणाल्या, "मानसात कायले जा लागते, बुवा? पोरगीच तं तुमचं मानूस हाये. तिले तिकडं ठिवून इकडं कोनाले हुडकून राह्यले?" आणि पुन्हा गाठीला लागल्या.

गाठ सुटली तेव्हा मास्तर तिसऱ्या देवळावर पोचले होते. पहिल्या दोन देवळांची ऐतिहासिक माहिती त्यामुळे देता येत नाही. तिसऱ्याला छप्पर नाही. परतताना अर्जुनराव घोंगडीतून डोकं काढून म्हणाले, "काहो उकंडराव, आंघोय तुमची, पुन्य माह्यं, बरोबर ना बुवा?" सगळे हसले, मीही हसलो. मास्तरांनी मोजलं आणि त्यांना पुन्हा एक जास्त सापडला.

वहिनींना नमस्कार, प्रेमलाला आशीर्वाद.

आपला,
उकंडराव

ता. क. धारेवर उंद्रीचे एक गृहस्थ होते. ते तुमच्या बाजाराला येतात. 'उकंडरावानं लोणारात पाट लावला, दुसरी बायको केली' असं ते सांगतील. तसं काही नाही. ते सांगण्याआधी पत्र पोचावं म्हणून आजच लिहिलं.

ता. क. दुसरा. मी माणसात आलो आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. सोजराबाईंशी बोललो तेवढाच. पुढेही फारसा येईन असं वाटत नाही. तरीही प्रेमलाला पाठवा. येत्या रविवारी मी बुलडाण्यापर्यंत घ्यायला येतो. खोकला असला तरी पाठवा. इथे अडुळसा आहे. वेणीची वहिनींना काळजी वाटेल. दाराच्या कडीला अंबाडीचे पेड बांधून महिनाभर शिकलो आहे. तिपेडी येते, जरा डावीकडे जाते. 'नाही' म्हणायचं असेल तर पत्र घालू नका. मी रविवारी येणारच आहे.

टपाल चारला निघतं. दळण उद्या द्यायचं आणि ज्वारी पाखडायची राहिली आहे. सूप अजून हाताला बसत नाही, मूठभर तरी अंगणात जाते आणि चिमण्या आधीच येऊन बसतात. आता पाखडायला बसतो.