लिस्बनचा दिनेश

वडखळ, ता. पेण
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

श्रीयुत केरूभाऊ, मुक्काम रोहा, यांस वडखळहून तुमच्या मेहुण्याचा, काळुरामचा, वाकून नमस्कार.

आम्ही उभयता परदेशाहून धडधाकट परत आलो. तुमच्या उजव्या गुडघ्याचं कसं आहे? (डावा बरा आहे हे तुमच्या मालूकडून कळलं.) वहिनींचा दमा थंडीत वर येतो, तेव्हा त्यांना सकाळच्या धुक्यात कुंडलिका नदीकडे फिरायला पाठवू नका. म्हैस व्याली असेल तर रेडा की रेडी ते कळवा. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि अर्धी बाजारपेठ ऐकते. मला जे सांगायचं आहे ते बाजारपेठेला सांगण्यासारखं नाही. खरं म्हणजे ते नक्की काय आहे हे मलाच अजून नीट कळलेलं नाही, म्हणून घडलं तसं लिहितो. तुम्ही वयाने थोर, तुम्हीच अर्थ लावा.

आमचा जगन लिस्बनला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. लिस्बन म्हणजे फिरंग्यांची, पोर्तुगिजांची, राजधानी. आपल्या रेवदंड्याला ज्यांनी कोट बांधला, त्यांचं मूळ गाव म्हणा ना. आम्ही पोचल्यावर दोन दिवस त्याने रजा घेतली आणि मग त्याला शिफ्ट लागली. (लागली की लावून घेतली, हा विचार मी हल्ली वरचेवर करतो.) जाताना म्हणाला, "बाबा, शहर बघायला प्रायव्हेट गाडी सांगितलीय, गाईडसकट. गाडीत दुसरं कोण नाय. इनेश येईल न्यायला, अगदी आपल्या घरचंच माणूस समजा."

मी ऐकलं दिनेश. म्हटलं, बरं झालं, उरण-पनवेलकडचा कुणी पोरगा असेल, भाषेची अडचण नाही. तर सकाळी दारात उभी कोण? पोरगी! सत्तावीस-अठ्ठावीसची, केस मानेपर्यंत कापलेले, नाकावर ऊन लागून लाली आलेली. गाडीही अशीच, कधीकाळी निळी असावी. मागच्या सीटवर छत्री, चिखलाचे बूट आणि कांद्यांची जाळी. मी मनात म्हटलं, प्रायव्हेट म्हणतात ती इतकी प्रायव्हेट असते होय! एवढ्यात त्या बाईने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "बाबा, जेवलाव काय?"

भाऊ, सकाळचे आठ वाजले होते. पण वेळेचं सोडा. ही गोरी बाई मराठी बोलते, आणि तेही छापील मराठी नव्हे, थेट आपल्या खाडीकडचं! मला तर त्या टुरिस्ट कंपनीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. गिऱ्हाईक वडखळचं आहे म्हटल्यावर गाईडला वडखळचीच बोली पढवायची! (आणि आपल्याकडे चौकशीच्या खिडकीतला माणूस आपल्याच भाषेत आपल्याकडे बघतसुद्धा नाही.)

आता तुमच्या बहिणीचं सांगतो. सगुणाला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे. पहाटेच उठून ठेवणीतली हिरवी साडी नेसली. पिशवीत एक कोरी साडी, खण आणि वडखळहून नेलेला नारळ. मी विचारलं, अगो, किल्ला बघायला ओटी कशाला? तर म्हणे, परमुलखात एखादी देवी लागली तर आयत्या वेळी कुठे शोधू? देवाच्या बाबतीत मी बोलत नाही.

पहिल्यांदा आम्हाला बेलेमचा बुरूज दाखवला. पांढराशुभ्र, नदीच्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. आयुष्य मिठागरावर मुकादमी करण्यात गेलेलं, माझी नजर बुरुजाआधी ओहोटीकडे गेली. चिखल आपल्यासारखाच, वासही तोच. मी गाईडबाईंना विचारणार होतो की ह्याच्या पायथ्याचा बांध कुणी राखतो की नाही, पण सगुणा मला प्रश्न विचारूच देईना. तिचे प्रश्न काय? भाऊ किती, बहिणी किती. घरी कोण असतं. मासा साफ करता येतो का. (हे हाताने करून दाखवलं, शेजारचे जपानी पर्यटक फोटो काढायला लागले.) मग तिचा हात हातात घेऊन तळवा बघितला, आणि पायऱ्यांवर "तू पुढे हो" म्हणून तिला पुढे घालून मागून तिची चाल न्याहाळली. मी हळूच म्हटलं, "अगो, गाईडला असं विचारतात काय? ती तक्रार करेल." तर म्हणते, "तुम्ही बुरूज बघा."

मी बुरूज बघितला.

तिथून एका भल्यामोठ्या मठात नेलं. दगडावर असं कोरीवकाम की मला वाटलं, ह्यांनी दगड भिजत घालून मग लाटला असावा. आत शिरल्याशिरल्या एक थडगं. गाईडबाई म्हणाल्या, वास्को द गामा. मी थबकलो. शाळेत ह्याच माणसाच्या सालासाठी गुरुजींनी माझ्या हातावर पट्टी ओढली होती. आता पुढ्यात निजलेला बघून राग धरावा की ओळख दाखवावी ते समजेना. सगुणाने सरळ हात जोडले. मी म्हटलं, "ह्याच्याच मागून ते सगळे आपल्याकडे आले." ती म्हणाली, "आले ते गेले. आता आपण आलोय ना?" आणि गाईडबाईंकडे बघून हसली. त्याही हसल्या. दोघी कशाला हसल्या ते मला कुणी सांगितलं नाही.

मग एका दुकानात बसून तिथली प्रसिद्ध मिठाई खाल्ली. वाटीएवढी कुरकुरीत पुरी, आत अंड्या-दुधाचा खरवस, वरून जरासा करपलेला. मी दोन खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत होतो, तेवढ्यात गाईडबाई एकदम गंभीर झाल्या. हातातला कप खाली ठेवला, ओठ ओले केले आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "बाबा... आवडली?"

मी मिठाईकडे बोट केलं आणि तोंडभरून म्हटलं, "आवडली म्हणजे काय! फार आवडली. रोज मिळाली तरी नाय म्हणणार नाय."

तर त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी. सगुणाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, बिचारीला आज पहिल्यांदाच चांगला अभिप्राय मिळाला असेल. इकडचे लोक तसे कोरडेच.

त्यानंतर ती आम्हाला जुन्या वस्तीत घेऊन गेली. तिथल्या गल्ल्या म्हणजे आपल्या पेणच्या कासार आळीला उभी करून डोंगरावर टेकवलेली. निम्म्यावर गेलो नि समोरून पिवळी ट्राम. मागे भाजीचा टेम्पो. ट्रामवाला घंटी वाजवतोय, टेम्पोवाला हातवारे करतोय आणि आमची गाईड स्टिअरिंगला धरून पांढरीफटक. मी काय केलं? उतरलो. टेम्पो हाताच्या खुणेने मागे घेतला आणि आमच्या गाडीच्या टपावर थाप मारून सुरू केलं, "येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार... येऊ दे... बस्स!" आणि भाऊ, तिने अचूक घेतली! एक शब्द चुकली नाही. "डावीकडं मार" हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात? तिला विचारलं तर गाल लाल करून म्हणाली, "असाच बोलते तो." तो कोण? मला वाटलं, तिचा मॅनेजर असेल.

ह्यानंतरचं ठिकाण तिने सांगितलं ते असं, "आता आजीचं घर." मी समजलो, जुन्या काळच्या घराचं म्युझियम. जिना चढून वर गेलो तर हुबेहूब राहतं घर! भिंतींना निळ्या फरशा, खिडकीत वाळत घातलेले मोजे, चुलीवर उकळतं भांडं आणि मधोमध काळ्या कपड्यातली एक म्हातारी. मला वाटलं, देखावा म्हणून बसवली असावी. म्युझियममध्ये वस्तूंवर बसत नाहीत, म्हणून खुर्ची दिली तरी मी उभाच राहिलो. तिकीट कुठे दिसेना, तेव्हा चांगुलपणाने एक नाणं काढून म्हातारीच्या हातावर ठेवलं. तिने ते उलटसुलट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फळीवरच्या मेरीमातेपुढे ठेवून दिलं.

खरी गंमत पुढेच. म्हातारी भांड्याकडे बोट करून म्हणाली, "बताता." सगुणा म्हणाली, "बटाटा!" म्हातारी म्हणाली, "कोव्ह." सगुणा म्हणाली, "कोबी!" पुढे पाव, अननस, साबण असं करत करत दोघींनी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. मी थक्क. सगुणाचं मत असं पडलं की म्हातारीला मराठी येतं, फक्त मधले शब्द ती विसरली आहे. मग सगुणाने पिशवी उघडली आणि काय करावं? गाईडबाईंना पाटावर, म्हणजे स्टुलावर, बसवून कुंकू लावलं आणि खण-नारळ-साडीने ओटी भरली! मी कानात म्हटलं, "अगो, टीप पैशात देतात." तिने ऐकलंच नाही.

तेव्हा मी ओशाळून तोंड फिरवलं, तर समोर फ्रिज. फ्रिजवर फोटो. फोटोत ही म्हातारी, ही गाईड आणि दोघींच्या मध्ये, दोघींच्या खांद्यावर हात टाकून, बनियनवर, हातात तळलेला मासा धरून आमचा जगन.

भाऊ, माझ्या डोक्यातली सगळी गिरण एकदम चालू झाली. जेवलाव काय. डावीकडं मार. असाच बोलते तो. आणि अरे देवा, "आवडली?" ती मिठाईबद्दल विचारत नव्हती! आणि मी काय उत्तर दिलं होतं? रोज मिळाली तरी!

डोळ्यांपुढे खांब गावचे हैबतराव उभे राहिले. त्यांच्या मैनाचं स्थळ तुम्हीच शब्द टाकून आणलेलं, शिमग्याला जगन आला की बघण्याचा कार्यक्रम. आणि त्याहून भयंकर म्हणजे सगुणा पाच पावलांवर उभी! तिला हा फोटो दिसला तर ह्या परमुलखात काय होईल? मी मागे सरकलो आणि पाठ फ्रिजला लावून उभा राहिलो. नेमकं म्हातारीला लोणी हवं होतं. ती आली, मी हललो नाही. तिने बाजूला व्हायची खूण केली, मी हसलो. सगुणा म्हणाली, "सरा की, त्यांना लोणी काढायचंय." मी म्हटलं, "मला इथं गार वाटतंय." ऐन थंडीचे दिवस, भाऊ! शेवटी म्हातारीने दंडाला धरून बैल बाजूला करावा तसा मला केला. तेवढ्यात मी डोक्यावरची टोपी काढून फोटोवर अडकवली. म्हातारीला वाटलं, भेट. तिने टोपी घेतली, आपल्या डोक्यावर घातली आणि मला मिठी मारली. मी त्या मिठीतूनच ओरडलो, "सगुणा, खिडकीतून पूल बघ! केवढा लांब पूल!" तिने पूल बघितला. वाचलो.

पुढचे दिवस मी तोंड उघडलं नाही. जगन माझ्याकडे बघायचा, मी जगनकडे बघायचो, आणि दोघे मिळून छताकडे बघायचो. निघताना ती पोर विमानतळावर आली, पुन्हा पाया पडली. मी सगुणाला म्हटलं, ही कंपनी विमानतळापर्यंत सर्व्हिस देते. ती म्हणाली, "चांगली आहे हो कंपनी."

पोरगी तशी वाईट नाही. गाडी चांगली घेते. माणसाला जेवलात का विचारते. मला मध्येच तिचा त्या दुकानातला चेहरा आठवतो आणि मी जे बोललो ते मिठाईबद्दल होतं, हे तिला कुणी कधी सांगू नये असं वाटतं. पण मग हैबतराव आठवतात. सुचत नाही.

तुमचा,
काळुराम

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. सगुणाला ह्यातलं काडीचं ठाऊक नाही. तिचा स्वभाव तुम्ही लहानपणापासून जाणता. रविवारी जिते स्टेशनवर कामासाठी उतरलो होतो असं काहीतरी निमित्त सांगून इकडे या आणि थोरला भाऊ म्हणून तुम्हीच तिला हळूहळू समजवा. मी तेवढा वेळ खारीवर, मिठागराच्या बांधाकडे, जाऊन बसेन.

दुसरा ता. क. : हैबतरावांनाही तुम्हीच सांगा. पत्रिका जुळत नाही म्हणा. (ती जुळली आहे हे माहीत आहे. तरी म्हणा.)

दादास सगुणाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. जगनने मला गणपतीतच सगळं सांगितलं व्हतं. ह्यांना सांगू नको असं मीच बोलले, आधी कळलं असतं तर हे विमानात चढलेच नसते. मी गेले ती पोरगी बघायलाच, बुरूज बघायला कोण जातंय एवढ्या लांब? जायच्या आधी खांबला जाऊन हैबतरावांच्या बायकोला, शांतीला, पण तोंडावर सांगून आले. ती चिडली, मला चहासुद्धा विचारला नाय. तिचं बरोबरच हाय. मैना मात्र फाटकापर्यंत सोडायला आली. आता तू पत्रिकेचं खोटं बोलायला जाऊ नको. तुला आधी नाय सांगितलं कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय.

रविवारी मात्र ये. तू मला समजावल्यासारखं कर, मी जरा रडल्यासारखं करते. आणि मग खारीवर जाऊन ह्यांना सांग, लय कठीण गेलं पण ऐकलं तिनं. त्यांना तेवढंच बरं वाटेल.