दासगावच्या चुक्याचं तिसरं शीट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मी तुमच्याच टेबलावर तुमच्या चुक्याची, वाळवलेली रोपं डकवलेली शीटं पसरून बसले आहे. टेबल अजून डुगडुगतं. तुम्ही पायाखाली सारायचात तशी पुठ्ठ्याची घडी मीही सारते. दासगावच्या पाणथळीतल्या त्या रानचुक्याला तुम्ही नवं शास्त्रीय नाव दिलंत. त्या दिवशी एकाच जागी, एकाच नंबराखाली घेतलेल्या रोपांची शीटं मात्र तीन झाली. नाव शेवटी एकाच वाळवलेल्या रोपाला बांधलेलं लागतं, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर त्याने तेच रोप उघडून बघावं. ते एक रोप निवडायचं काम आता माझ्याकडे आलंय. पहिलं शीट पुराच्या पाण्यात भिजून काळवंडलंय. दुसऱ्याला कसर लागलीय. तिसरं वनस्पतींच्या एका मोठ्या संग्रहाकडून उसनं मागवलंय, आणि ते देखणं आहे: मुळापासून तुऱ्यापर्यंत सगळं शाबूत. बघणारा कुणीही तेच घे म्हणेल.

तेव्हा शिमग्याला आठवडा राहिला असेल. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे आहात आणि मी काठावर बसून लेबल लिहितेय. मी 'महाडजवळ' असं लिहिते आणि तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेता. "जवळ म्हणजे कुठे? उद्या मी नसेन, तूही नसशील. लेबल वाचून माणूस बरोबर या चिखलात येऊन उभा राहिला पाहिजे." मला तेव्हा राग आला होता, एवढ्याशा गोष्टीवरून बोलायचं काय म्हणून. निघताना दोन रोपं दाबायला तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, तिसरं ओल्या पेपरात गुंडाळून मला दिलंत. घरी नीट वाळवून आण म्हणालात. वर्गातल्या कुणावर तुम्ही असं काही सोपवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. पोलादपूरच्या गच्च भरलेल्या एसटीत ते पुडकं मी छातीशी धरून उभी होते.

घरी पोचल्यावर पुडकं चुलीजवळच्या पाटावर ठेवलं आणि पायाचा चिखल धुवायला विहिरीवर गेले. तिथे मैत्रीण भेटली, गप्पा लांबल्या. परत येते तर चुलीवर कढई, आणि आई म्हणते, "चुका आणलास ना गो? जवळा घालून केला. जून व्हता मेला, पण शिजला."

"मुळं कुठायत? तुरे?"

"ते कोण खातंय? म्हशीला घातले." मग माझ्या तोंडाकडे बघून ती हळूच म्हणाली, "पेपरात बांधलेला, म्हटलं बाजारातला हाय. खायचा नाय व्हता काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या ओढ्यातून एक धष्टपुष्ट चुका उपटला. ओढा सावित्री नदीलाच मिळतो, सावित्रीच पुढे दासगावला जाते, अशी मनाची समजूत घातली. रोज पेपर बदलले, एक पान मुडपू दिलं नाही. आणि लेबलावर, तुम्ही शिकवलंत तसा, दासगावच्या त्या चिखलाचा अगदी नेमका पत्ता लिहिला. तुमचं वर्णन तोवर पहिल्या दोन रोपांवरून लिहून झालं होतं. तिसरं शीट तुम्ही हातभर लांब धरून पाहिलंत, खिशातलं भिंग काढलंत आणि ते माझ्या हातावर ठेवलंत. "हे तुला. असं काम मलाही जमत नाही." मी ते घेतलं, सर.

देखणं म्हणून तुम्ही तेच शीट त्या मोठ्या संग्रहाला पाठवलंत. काही महिन्यांनी उत्तर आलं: हा नेहमीचाच रानचुका आहे, यात नवीन काही नाही. मी तुमचा चहा घेऊन दारात उभी होते. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "माझंच बघणं कमी पडलं असेल." पुन्हा त्या चुक्याचं नाव काढलं नाहीत. मी कप ठेवला आणि वर्गात निघून गेले. त्या एका वाक्यानंतर मला खरं काय ते बोलता आलं असतं. तुम्ही रागावला असता आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही असता. मी घाबरले होते, आणि भिंग परत द्यावं लागेल असंही वाटलं होतं.

आता त्याच भिंगातून बघतेय. तिसऱ्या शीटच्या फळांना कडेने करवतीसारखे दाते आहेत, आमच्या ओढ्यातल्या प्रत्येक चुक्याला असतात तसे. दुसऱ्या शीटवर डकवलेल्या कागदी पाकिटात चार फळं उरलीत. चारही फळांच्या कडा साफ, दाते नाहीत, अगदी तुम्ही लिहिलंय तशा. मागच्या आठवड्यात दासगावच्या त्या चिखलातही जाऊन आले. तुमचा चुका तिथे अजून उगवतो. तुमचं बघणं कुठेच कमी पडलं नव्हतं. नाव मी त्या कसर लागलेल्या दुसऱ्या शीटला बांधलंय.

ही निवड जाहीर करणाऱ्या लेखाच्या मसुद्यात आधी मी लिहिलं होतं, 'तिसऱ्या शीटवर अनवधानाने वेगळे रोप आल्याचे दिसते.' शीटवर गोळा करणारे म्हणून तुमचं नाव आहे, तेव्हा वाचणारा ते अनवधान कुणाचं समजेल हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते वाक्य चार दिवस तसंच ठेवलं. आज ते खोडलं. आता तिथे आहे, 'तिसऱ्या शीटवरील रोप पोलादपूर येथील ओढ्यातील असून ते प्रस्तुत लेखिकेने बदलले होते.'

मूळ रोपाचं काय झालं ते लेखात नाही. तुम्हालाही ते कधी कळलं नाही आणि हा कागद पाठवायचा म्हटलं तरी कुठे पाठवणार, म्हणून इथेच लिहून ठेवते. त्या संध्याकाळी आईचं तोंड एवढंसं झालं होतं. मी पानावर बसले आणि ती भाजी दोनदा मागून घेतली. चांगली झाली होती, सर.