करुणासाठी एक वचन

८ फेब्रु., रवि.
चर्चहून आलो तर धाकटी बहीण करुणा दारात. मंठ्याहून, सासरहून, एकटीच आल्ती. डावा हात प्लास्टरमध्ये. मोरीत घसरले म्हणाली. अप्पा जन्मभर गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरले, माणसाचं दुःख तोंडावरून ओळखायचे. आज पोरीसमोर ताटातून मान वर केली न्हाई.

१० फेब्रु., मंगळ.
शाळेत शिकवून आल्यावर करुणाची वेणी घालत होते, तेव्हा बोलली. नवऱ्यानं, विजयनं हात पिरगाळला. भाजी गार होती म्हणून. पहिल्यांदा न्हाई. तिथल्या चर्चच्या मंडळीत गाणी तोच बसवतो. लोक देवमाणूस म्हणतात.
अप्पांना सांगितलं. चष्मा लावून पवित्र शास्त्र, बायबल उघडलं, पत्नीनं पतीच्या अधीन राहावं ते वाचलं. पतीनं प्रीती करावी, तेही वाचलं. विजयला समजावतो म्हणाले. करुणा उठून आत गेली.

१५ फेब्रु., रवि.
विजय न्यायला आल्ता, सोबत मंठ्याच्या चर्चचे पाळक. पाळकांचं म्हणणं, वेगळं व्हायला शास्त्रात व्यभिचाराचं कारण दिलंय, मारहाणीचं दिलेलं न्हाई. विजय रडला. रडणं खोटं नव्हतं. त्याचीच भीती वाटली. उद्या परत येतो म्हणून गेले.
मंग मी अप्पांशी भांडले. म्हटलं, लहानपणी तुम्हीच सगळं शास्त्र एका गोष्टीसारखं सांगितलं. मिसर देशातले गुलाम ओरडले, देवानं ऐकलं, बाहेर काढलं. शेवटच्या पानापर्यंत देव तेच करत आलाय. करुणाला परत धाडणारा देव या गोष्टीत कुठं बसतो?
"गोष्ट ज्याला पाहिजे तशी वळवता येते," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत वळवलीय लोकांनी. म्हणून शास्त्रातलं वचन लागतं. तू वचन दाखव, मी तिला ठेवून घेतो."
"रानात सैतानानंही येशूला वचनच दाखवलं होतं, अप्पा."
जेवले न्हाईत.

१६ फेब्रु., सोम.
शाळेला दांडी. सकाळपासून शास्त्र धुंडाळलं. मलाखीच्या पुस्तकात सापडलं. बायकोवर जुलूम करणाऱ्याचा देवाला तिटकारा. धावत अप्पांकडं गेले. त्यांनी बोट ठेवून त्याच ओवीचा आधीचा भाग वाचला. सोडचिठ्ठीचाही तिटकारा. वचन एकच. अर्धं त्यांचं, अर्धं माझं.
करुणा दारातून ऐकत होती. "ताई, बस कर. माझ्यापायी तुम्ही दोघं शास्त्र फाडून राह्यले."
दुपारी विजयसोबत गेली. अप्पांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं न्हाई.

२५ फेब्रु., बुध.
फोन केला. बरंय म्हणाली. मागं विजयचा आवाज. तिनंच ठेवला.
अप्पा हल्ली सकाळी वाचत न्हाईत. उघडं पुस्तक मांडीवर, नजर खिडकीबाहेर.

८ मार्च, रवि.
उपासना चालू असताना फोन आला. करुणा सरकारी दवाखान्यात, मंठ्याहून इकडं जालन्याला आणलंय. जिन्यावरून पडली म्हणतात. त्यांच्या घराला जिना न्हाई. बरगड्या मोडल्या, डाव्या कानानं ऐकू येईना. अप्पा त्याच बाजूला उभं राहून कधीचे बोलत होते. ती वळेना तेव्हा त्यांना कळलं.

१० मार्च, मंगळ.
पोलीसबाई जबाब घ्यायला येणार हे विजयच्या आईला कळलं होतं. आधीच येऊन बसली. पडले म्हण, लेकरा, घर वाचंल. हेच परत परत.
पोलीसबाईनं तिला बाहेर काढलं. करुणानं अप्पांकडं पाह्यलं.
"अप्पा, काय सांगू?"
मला वाटलं, आता वचन निघतं. शास्त्र पिशवीत होतं. अप्पांनी पिशवी खाली ठेवली.
"पहिल्यापासून सांग," म्हणाले. "लग्न झालं तिथपासून. काही गाळू नको. मलाही ऐकायचंय."
करुणानं तोंड उघडलं, परत मिटलं. पोलीसबाई उद्या येते म्हणून गेल्या.
मी घरी आले, डबा करून राह्यले. अप्पा यायला तयार न्हाईत. तिच्या चांगल्या कानाकडं स्टूल ओढून बसलेत. ती भिंतीकडं तोंड करून पडलीय.